खिडकी जळू द्या

हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. विषय ‘शहर आणि माणूस’, अट एकच: फोटो कृष्णधवल हवा. टेबलावर प्रिंट्सचा गठ्ठा आला आणि तासाभरात लक्षात आलं की आपण एकच फोटो पुन्हा पुन्हा बघतोय. एखादी उंच कमान, नाहीतर जिना, नाहीतर कोरी भिंत. तिच्यावर तिरका पडलेला उन्हाचा पट्टा. आणि त्या पट्ट्यातून चालत निघालेला मुंगीएवढा काळा माणूस. हातात छत्री असली तर सोन्याहून पिवळं. जागा बदलत होत्या, कुठे फोर्टातली कमान, कुठे मेट्रोचा सरकता जिना, कुठे वांद्रे-कुर्ला संकुलातली काच. माणूस मात्र तोच. अख्ख्या गठ्ठ्यात एकाचंही नाक दिसलं नाही.

फोटो वाईट नव्हते. बक्षीस त्यातल्याच एकाला दिलं आणि निकालपत्रावर माझीही सही आहे. घरी येताना लोकलमध्ये उभा असताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्या सगळ्या माणसांचं त्या फोटोंत नेमकं काम काय होतं?

तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. फोटोतला माणूस मनातल्या मनात पुसून टाकायचा. पुसल्यावर चौकटीचा तोल तेवढा गेला, बाकी काही बिघडलं नाही, तर तो माणूस शोभेचा होता, कुंडीसारखा. पण पुसल्यावर इमारतच कळेनाशी झाली, ती कोणाची, कोण वापरतं, कोणाला सावली देते आणि कोणाच्या उरावर बसते हे समजेनासं झालं, तर फोटोत माणूस आहे असं म्हणता येईल. आपल्याकडच्या शहरी कृष्णधवल छायाचित्रणाला कुंड्या ठेवायची सवय लागली आहे, असं माझं मत आहे. एरवी हा हौशी लोकांच्या आवडीनिवडीचा मामला म्हणून सोडून दिला असता. पण मुंबईत सध्या शंभर वर्षांच्या चाळी पाडल्या जाताहेत, आणि त्यांच्यामागे जे चित्ररूपाने उरेल ते बहुतांशी याच सवयीतून उरणार आहे.

माणूस फोटोत पहिल्यांदा सापडला तोच मुळी शहराच्या रस्त्यावर. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा होता. पण त्या काळच्या प्लेटला काही मिनिटं उजेड खावा लागे, त्यामुळे घोडागाड्या, येणारे-जाणारे सगळे पुसले गेले. घरं, छपरं, धुराडी, झाडं तेवढी जशीच्या तशी राहिली. माणसांपैकी उरला एक, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबला होता. छायाचित्रातला पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव निघतं. म्हणजे नाव कोणालाच माहीत नाही, पण मान त्याला. नीट पाहिलं तर त्याच्या पायाशी आणखी कोणीतरी आहे. पॉलिशवाला. त्याचे हात हलत होते, म्हणून तो पुसट आला. बूट पुढे करणारा ठळक आणि बूट घासणारा धूसर! रेल्वे स्टेशनांवर लाकडी पेटीवर ब्रश ठोकत गिऱ्हाईक बोलावणारे पॉलिशवाले दिसले की मला हटकून ते चित्र आठवतं. दागेर यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, दोष रसायनाचा होता. पुढे प्लेट वेगवान झाली, फिल्म आली, रसायनाची सबब संपली.

काळी आकृती दिसली की नाक मुरडावं, असं मी म्हणत नाही. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घेतलेला फोटो पाहा. मॉर्गन बँकेची तेव्हाची नवीकोरी इमारत, तिच्या दर्शनी भिंतीतले प्रचंड काळे चौकोन, आणि खाली तिरप्या उन्हात लांबलचक सावल्या ओढत निघालेली माणसं. चेहरा एकाचाही ओळखू येत नाही. पण माणसं पुसून बघा, उरते दगडात बांधलेली एक प्रतिष्ठित बँक. माणसं आहेत म्हणून ते चौकोन गिळायला बसल्यासारखे दिसतात. माणसाचं तिथलं लहानपण हे पैशाच्या ताकदीबद्दलचं बोलणं आहे. तिथे चेहरे दाखवले असते तर उलट ते बोलणं भरकटलं असतं.

याच्या शेजारी हाँगकाँगच्या फान हो यांचा १९५४ चा गाजलेला फोटो ठेवा. उंच भिंत, तिच्या टोकाशी उभी असलेली तरुण मुलगी आणि तिच्या दिशेने सरकत येणारा सावलीचा त्रिकोण. मुलगी त्यांची नात्यातली बहीण, त्यांनीच उभी केलेली. ती सावली तर भिंतीवर पडलेलीच नव्हती, डार्करूममध्ये नंतर घातली. यात फसवणूक काही नाही, त्यांनी ही गोष्ट लपवली नव्हती. चित्र देखणं आहे आणि ओसरत्या तारुण्याबद्दल काहीतरी सांगतं. भिंतीबद्दल, हाँगकाँगबद्दल, त्या मुलीबद्दल मात्र काही सांगत नाही, कारण सांगायचंच नव्हतं. फान हो यांनी याच शहरातल्या गल्ल्या, बाजार, हमाल, फेरीवाले यांचेही ढीगभर फोटो काढले. आमच्या स्पर्धकांनी मात्र त्यांच्याकडून नेमकी भिंत आणि सावली तेवढी उचलली.

माणसाला मापासाठी उभं करण्याची खोड वास्तुकारांकडून आली असावी असा मला संशय आहे. आर्किटेक्चरच्या मुलांच्या ड्रॉइंगमध्ये दाराशेजारी एक बिनचेहऱ्याचा माणूस काढलेला असतो, दार किती उंच हे कळावं म्हणून. त्याला ते ‘स्केल फिगर’ म्हणतात. स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी तर या माणसाचं शास्त्रच केलं. त्यांच्या ‘मोड्यूलॉर’ पद्धतीतल्या पुरुषाची उंची आधी १७५ सेंटिमीटर होती, मग सहा फुटांच्या हिशेबाने १८३ झाली. हात वर केला की २२६. त्यालाही चेहरा नाही. या मापांच्या आधारावर पन्नाशीच्या दशकात चंदीगडच्या मोठ्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या. त्या उभ्या केल्या डोक्यावर घमेली घेऊन लाकडी उतारावरून वर चढणाऱ्या बायांनी, आणि त्यातली एकही १८३ सेंटिमीटरची नसावी. ज्यांनी शहर बांधलं त्यांच्या वस्तीला त्या शहराच्या आराखड्यात जागा नव्हती, हेही आता सर्वांना ठाऊक आहे.

या बाया आपल्याला दिसतात त्या कृष्णधवल फोटोंमुळे. ल कॉर्ब्युझिए यांचे छायाचित्रकार लुसिआँ एर्व्हे हे कडक ऊन, गडद सावली आणि निर्दय कातरकाम यांचे उस्ताद. १९४९ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांची मार्सेयमधली इमारत बघायला गेले तर एका दिवसात ६५० फोटो काढून आले. एर्व्हे आणि स्विस छायाचित्रकार अर्न्स्ट शायडेगर, दोघांनीही चंदीगड घडत असताना टिपलं. बांधकामाच्या त्या फोटोंमधून बाया पुसल्या तर काँक्रीटचं एक भव्य शिल्प उरतं, कॉफी टेबलावरच्या पुस्तकात शोभेल असं. बाया आहेत तोवर कळतं की तो खडबडीत पोत घमेल्या-घमेल्यानं ओतलेला आहे. वास्तुशैलीच्या पुस्तकात त्या पोताला भारदस्त नाव आहे. फोटोत त्याला मान, खांदे आणि कंबर आहे.

आता मुंबईत येऊ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं बांधकाम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्यावरचं कोरीवकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलं. दर्शनी भिंतीवर तेव्हाच्या रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, दगडात, नाकी-डोळी व्यवस्थित. त्यांच्याखालून रोज लाखो माणसं जातात आणि फोटोत ती एकतर नसतात किंवा धूर असतात. या इमारतीचा ‘चांगला’ फोटो काढायला लोक पहाटे जातात, गर्दी नको म्हणून. दिवसा जावंच लागलं तर लेन्सवर उजेड अडवणारी काळी एनडी फिल्टर चढवून तीस सेकंदांचं एक्स्पोजर देतात, की गर्दी आपसूक विरघळते. म्हणजे दागेर यांच्या प्लेटचा जो नाइलाज होता, तो आम्ही आता पैसे देऊन फिल्टरच्या रूपाने विकत घेतो. स्टेशन! ज्या इमारतीचं अस्तित्वच गर्दीसाठी आहे, तिचा फोटो गर्दी पुसून. रिकाम्या पोळपाटाचा फोटो काढून पोळीचं कौतुक करण्यासारखं आहे हे.

छायाचित्रकार रघु राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेटला नेमकी हीच युक्ती उलटी वापरली. शटर मंद ठेवलं, त्यामुळे फलाटावरचे प्रवासी पुराच्या पाण्यासारखे वाहत गेले. पण त्या लोंढ्यात काही माणसं पेपर वाचत बसली आहेत, आणि ती जागच्या जागी शाबूत आहेत. चर्चगेट आणि मुंबईकर यांचं नातं मी शब्दांत याहून नेमकं मांडू शकणार नाही. पुरात बसून पेपर वाचणं हे कौशल्य आहे, ते वर्षानुवर्षांच्या पासधारकालाच जमतं. लोंढा पुसा, छप्पर उरेल. वाचक पुसा, नुसती गर्दी उरेल, ती जगात कुठेही असते. चेहरे इथेही ठळक नाहीत. म्हणजे मुद्दा चेहऱ्याचाही नाही, माणूस काय करतोय ते दिसतं का, याचा आहे.

आणि इमारतीची पुढची बाजूच का बघायची? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं जे कृष्णधवल काम केलं, ते मी शहरी वास्तुरचनेचे फोटो म्हणूनही बघतो. तसं कोणी म्हणत नाही, ते ‘सामाजिक’ या खणात टाकतात. पण मुंबईतल्या जुन्या इमारतींना एक मागची बाजू असते, दोन इमारतींमधली हाऊसगल्ली, जिच्यात वरचे मजले काहीही टाकतात. गटार, मॅनहोल, कचऱ्याचे ढीग ह्याही शहराने बांधलेल्या किंवा शहराने घडवलेल्या जागाच आहेत. तिथे उतरणारं शरीर दाखवल्याशिवाय वरच्या मजल्यावरचा स्वच्छ संडास समजत नाही. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आर्किटेक्चरच्या कॉलेजांतून त्यांचं काम अभ्यासाला लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढं माणसांचं प्रेम आहे तर रंग का वर्ज्य? हा प्रश्न जुना आहे आणि तो विचारणारा माणूस लहान नव्हता. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत काम केलं, मुंबईतही. कृष्णधवल ही पाश्चिमात्य उदासी आहे, भारतीय नजर रंगातच बघते, अशी त्यांची भूमिका होती. मला ती अर्धी पटते. चाळीत उभं राहून रंग बघितला नाही तर चाळ बघितलीच नाही: भिंतीला निम्म्यापर्यंत ऑइलपेंट, निळी पिंपं, दोरीवर वाळणाऱ्या साड्या, दारावरचं झेंडूचं तोरण. पण रंगीत फोटोत नजर त्या साड्यांवरच अडकते. भेट देणारा पाहुणा ‘किती कलरफुल’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो. रंग काढून घेतला की भिंत आणि शरीर एकाच मातीचे होतात. शंभर वर्षं पाठी टेकून गुळगुळीत झालेला चौकटीचा कोपरा आणि त्याला आत्ता टेकलेली पाठ यांचं नातं करड्या छटांमध्ये जसं दिसतं तसं रंगात दिसत नाही. म्हणून मी अजून कृष्णधवलच काढतो.

रघुबीर सिंग यांच्या म्हणण्यातला उरलेला अर्धा भाग मात्र मला टोचतो. कृष्णधवल केलं की कालची गोष्टही पन्नास वर्षांपूर्वीची वाटते. ज्या घरावर पाडकामाची नोटीस लागली आहे त्याचा फोटो आपण कृष्णधवल करतो तेव्हा तिथल्या माणसाला तो जिवंत असतानाच इतिहासजमा करतो. पाडणाऱ्याला हे सोयीचंच असतं. मग चाळीचं प्रदर्शन लागतं, लोक हळवे होतात, ‘ते दिवस गेले’ म्हणतात, आणि ज्याच्या खोलीचा प्रश्न अजून लटकलेला आहे तो माणूस प्रदर्शनाच्या दाराशी उभा असतो.

बीडीडी चाळींकडे बघा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये निघालं आणि त्याने त्या दशकात गिरणी कामगारांसाठी या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२, एकूण २०७. तळमजला अधिक तीन, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. इतर चाळींना बाहेरून उघडी गॅलरी असते, बीडीडीला ती नाही. मधून अंधारा पॅसेज आणि दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या. या चाळी तुरुंग म्हणूनच बांधल्या होत्या अशी दंतकथा तिथे अजून सांगतात. खरी नाही, पण पॅसेजमध्ये उभं राहिलं की ती का जन्मली ते कळतं.

आता त्या पॅसेजच्या टोकाला खिडकी आहे आणि खिडकीतून मुंबईचं ढळढळीत ऊन. कॅमेरेवाल्याला हा स्वर्ग. बोगदा, बोगद्याच्या शेवटी उजेड, उजेडात काळी आकृती. मी स्वतः तिथे असे किती फोटो काढले असतील त्याला गणती नाही. पण हे होतं कसं, ते तांत्रिक अंगानं समजून घ्यायला हवं, कारण मुद्दा तिथेच आहे. खिडकीबाहेरचा उजेड आणि पॅसेजमधला उजेड यांत सात-आठ स्टॉपचा फरक असतो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एकाच फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. खिडकी सांभाळली तर आतलं सगळं काळं होतं, माणसांसकट. आतलं सांभाळलं तर खिडकी जळते, पांढरा डाग होऊन बसते. क्लबात आम्हाला पहिला धडा शिकवला जातो तो हा: हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, जाळू नका. परीक्षक जळलेली खिडकी बघून गुण कापतात. मीही कापले आहेत.

आता खिडकी जळू देऊन बघा. काय दिसतं? दाराबाहेरची पिंपं, एकावर एक रचलेल्या चपलांचे खण, भिंतीला टांगलेली सायकल, गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या, म्हणजे रात्री इथे माणसं झोपतात. पाट्यांवरची आडनावं, त्यांतून कोणत्या जिल्ह्यातून कोण आलं त्याचा अंदाज. दाराला दार, त्यामुळे समोरच्या घरातली भांडणं आणि फोडणी दोन्ही आपल्या घरात. उंबऱ्यावर बसून लसूण सोलणारी बाई, तिच्या कपाळावरचा घाम. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या कशा राहिल्या याचं उत्तर पॅसेजमध्ये आहे: त्या खोलीत राहिल्याच नाहीत, पॅसेजमध्ये राहिल्या. हे सगळं त्या सात-आठ स्टॉपच्या अंधारात होतं आणि आम्ही ते खिडकीसाठी बुडवलं. एक्स्पोजर हा तांत्रिक शब्द आहे खरा, पण उजेड कोणाला द्यायचा आणि कोणाला बुडवायचं, असंच तो दरवेळी विचारतो.

सरकारकडेही या शहरातल्या गरिबांचे फोटो आहेत, आणि त्यांची तऱ्हा बरोबर उलटी. १९७६ मध्ये मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली, ओळखपत्रं दिली गेली, आणि ‘फोटोपास’ हा शब्द मराठीत कायमचा रुजला. झोपडपट्टीतल्या कित्येक घरांत सगळ्यात जपून ठेवलेला फोटो हाच. लग्नाचा अल्बम पावसात गेला तरी चालेल, फोटोपास पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. त्यात चेहरा आहे, घर नाही. आमच्या कलात्मक फोटोत घर आहे, चेहरा नाही. सरकारला पात्र ठरवायला माणूस हवा आणि आम्हाला बक्षिसाला भिंत हवी. माणूस आपल्या घरात, आपल्या भिंतीला टेकून बसला आहे असा साधा फोटो दोघांपैकी कोणीच काढत नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी बरेच दिवस पुरेसा गंभीरपणे घेतला नव्हता. आजच्या काळात चेहरा दाखवणं हाच धोका आहे. रस्त्यारस्त्यावर कॅमेरे, चेहरे ओळखणारी यंत्रं, एकदा फोटो मोबाइलवर चढला की तो कुठे जाईल याचा नेम नाही. त्यापेक्षा काळी आकृती बरी, निदान त्या माणसाची अब्रू राहते. परवानगी विचारायला नको, त्यांनाही त्रास नको. एका तरुण छायाचित्रकार मुलीनं मला हे तोंडावर ऐकवलं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मिळालं ते नायगावला. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका चाळीत मी पॅसेजच्या टोकाला कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईचा फोटो काढला होता, अर्थातच काळी आकृती. प्रदर्शनात लावला, नाव दिलं ‘एकटी’. पुढे प्रिंट घेऊन चाळीत गेलो, म्हटलं बघा. चार-पाच जणी जमल्या. पहिलीनं फोटो हातात घेतला आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, “ह्या तर खालच्या मजल्यावरच्या काकू.” मी म्हटलं, चेहरा तर दिसत नाही. तर म्हणे, “चेहरा कशाला हवा दादा? त्यांचा उजवा गुडघा धरलाय, बघा ना कशा डाव्या अंगावर रेलल्यात.” दुसरीनं नाव वाचलं आणि हसायलाच लागली. “एकटी कुठली? त्यांची दोन नातवंडं होती की शेजारी. तुम्ही कापलीत वाटतं.” कापली होती. डाव्या कडेला दोन छोटी डोकी येत होती, चौकट बिघडत होती.

म्हणजे माझी काळी आकृती त्यांच्या शेजारणींपासून काहीच लपवत नव्हती. ती अनोळखी होती ती फक्त प्रदर्शनाला आलेल्यांसाठी, आणि माझ्यासाठी. अब्रूची काळजी घेतल्याचं समाधान मला मिळालं, काकूंना कोणी विचारलंच नाही. ज्याला ओळख लपवायची आहे त्याची ओळख जरूर लपवावी, पण ते त्याच्याशी बोलून ठरतं. त्या मुलीला आता मी एवढंच सांगेन: तुझा मुद्दा बरोबर आहे, पण सिल्हूट, म्हणजे अशी काळी आकृती, काढणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना, माझ्यासकट, माणसाची अब्रू सांभाळायची नसते. त्यांना थांबून बोलायचं नसतं.

तर मागणी काय? बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० च्या जागी ५०० चौरस फूट. हे घर त्यांना मिळायलाच हवं होतं आणि आधी मिळायला हवं होतं. चाळ पाडू नका असं म्हणणारा मी कोण? सामायिक संडासाच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. पण अशा कोणत्याही प्रकल्पात मोजमापं होतात, नकाशे होतात, नव्या मनोऱ्यांची संगणकावर काढलेली गुळगुळीत चित्रं फलकावर लागतात. त्या चित्रांत हिरवळीवरून फिरणारी जी माणसं असतात ती कुठून आलेली असतात देव जाणे. गणपतीच्या दिवसांत आरतीला घसा फाडणारी तरी ती वाटत नाहीत. स्केल फिगर पुन्हा हजर. पाडण्याआधी चाळीची चित्ररूप नोंद झालीच तर ती रिकाम्या इमारतीची होते: दर्शनी भाग, जिना, कठडा, माणसं बाजूला करून.

पुनर्विकासाच्या परवानगीतच एक अट असावी. खोल्या रिकाम्या होण्याआधी, माणसं राहत असताना, प्रत्येक खोलीचा आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजचा फोटो घेतला जावा. ज्यांना फोटोत यायचं आहे त्यांनी यावं, नाही त्यांनी येऊ नये, त्यांची रिकामी खुर्ची चालेल. फोटोखाली खोली क्रमांक, तारीख, आणि त्या घरातले लोक स्वतःबद्दल जे लिहायला सांगतील ते: गिरणीचं नाव, गावाचं नाव, कितवी पिढी. एक प्रिंट त्या घराला. एक राज्याच्या पुराभिलेख विभागात, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांचा फोटो ठरावीक वर्षं बंद लिफाफ्यात. पात्र-अपात्रतेच्या फायलीशी या फोटोंचा काडीचाही संबंध नसावा, हे अटीतच लिहिलेलं असावं, नाहीतर एकही दार उघडणार नाही आणि उघडू नयेच.

खर्चाचं कारण पुढे येईल. सगळ्या बीडीडी मिळून सुमारे १६ हजार खोल्या. मुंबईत छायाचित्रण शिकणारी मुलं आहेत, कला महाविद्यालयं आहेत, वास्तुरचनेचे विद्यार्थी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वाड्याची मोजमापं घेतच असतात. फोटो क्लबांना तर रविवारी जायला जागा हवीच असते. आजवर ते फोर्टात कमानीखाली छत्रीवाल्याची वाट बघत उभे राहिले, आता वळकट्यांची वाट बघावी.

कृष्णधवल की रंगीत, हा हट्ट मी इथे सोडायला तयार आहे. काकूंच्या नातवंडांना आजीच्या साडीचा रंग आठवायचा असेल तर तो त्यांचा हक्क. फक्त कातरी माझ्या हातात नको.

वरळीतलं बरंचसं हातातून गेलं आहे. नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथेही चाळी उतरायला लागल्या. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्यांचं घोंगडं भिजत पडलं. रहिवाशांच्या दृष्टीने हे वाईटच, पण फोटोच्या दृष्टीने तिथे थोडा वेळ आहे. सकाळी सात ते साडेआठ, पाण्याची वेळ, सगळी दारं उघडी असतात. आयएसओ १६००, लेन्स पूर्ण उघडी, शटर एक-तीसांश, मीटर उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या गालावर. आणि कॅमेरा काढण्याआधी चहा घेतला का विचारतील, तर हो म्हणू नये.